एकतीस मडक्यांची राखण

वाईला आम्ही कुणी भेटलं की ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतो. म्हाकूआक्का विचारायची, ‘‘घरात किती दिसाचं हाय?’’

तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्या दारात वहाणांतली माती झाडत उभा होतो. लढाईचे दिवस होते. शहरांतून धान्य मिळेनासं झालं होतं आणि कुणाच्या घरात किती दाणा आहे याची नोंद करायला सरकारनं हंगामी कारकून नेमले होते. मी त्यांतला एक. वय एकवीस, मॅट्रिक पास, घाटावर वाढलेला. खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या माळावरची सात गावं माझ्याकडे आली होती आणि पळसमाळ हे त्यातलं सगळ्यात शेवटचं, चौदा उंबऱ्यांचं.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘ते आई बघते.’’

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. बापाचं नाव माहीत नाही असं सांगणाऱ्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘दोन्ही येळंला जेवतोस न्हवं तितं? आन् ठावं न्हाई?’’ मग तिलाच माझी कीव आली असावी. ‘‘बस भाऊसाब. भाकर खा आदी. उपाशी मानसाला मोजाया येत न्हाई.’’

उंच, काटकुळी, पन्नाशी उलटलेली बाई. विटकं लुगडं गुडघ्याच्या खाली जेमतेम पोचलेलं. कपाळावर गोंदण आणि त्याच्या खाली कुंकवाची जागा रिकामी. तिच्या घराण्यानं दोन पिढ्यांपूर्वी मेंढरांमागं भटकणं सोडून इथं जमीन धरली होती. एकुलता एक मुलगा बिरू पलटणीत होता, कुठल्या तरी समुद्रापलीकडे. घरात ती, सून आणि पाच वर्षांची नात. बिरूची पत्रं वाचून दाखवायला गावात माणूस नव्हता, म्हणून पुढं मीच ते काम करू लागलो. पत्र वाचून संपलं की ती एकच विचारायची, ‘‘खायला काय देत्यात ते लिवलंय का?’’

माझं काम नावडतं होतं. वर्षाला माणशी इतकं, शिवाय जमिनीच्या मानानं पेरणीचं बी, एवढं धान्य घरात ठेवायचं. उरलेलं सरकारला ठरल्या भावानं घालायचं, असा नियम होता. त्यामुळं मी वहीसकट दारात दिसलो की कणग्या आपोआप रिकाम्या व्हायच्या. कडब्याच्या गंजीत पोती जायची, गोठ्यातली फरशी नव्यानं लिंपलेली दिसायची. एका घरात तर तान्ह्या पोराचा पाळणा मला फार जड वाटला. मी तरी काय करणार? लोक सांगतील ते लिहायचो. लोकांना वाटायचं मी मूर्ख आहे, आणि त्यांना तसं वाटू देणं मला बरं वाटायचं.

म्हाकूआक्कानं मात्र न विचारता सांगितलं. ‘‘भितीकडच्या कणगीत शाळू अकरा मण आन् वर तीन पायल्या. दुसरीत बाजरी, अडीच मणाला दोन शेर कमी. डेऱ्यात हुलगा सात पायल्या. मटकी शेवटच्या मडक्यात, ती तू लिवू नगंस, तिला भुंगा लागलाय.’’

मला ते खरं वाटेना. एवढा आकडा गावात कुणीच सांगितला नव्हता, आणि इतका नेमका तर तालुक्यात कुणी सांगितला नसेल. मी मापाला माणूस लावला. अर्धा दिवस माप चाललं. ती जवळ बसून होती, पण एक शब्द बोलली नाही. दाणा मापताना बोललेलं तिला खपत नसे. शाळू अकरा मण तीन पायल्या भरला. बाजरी अडीच मणाला दोन शेर कमी. हुलग्यात एक शेर जास्त निघाला तेव्हा तिनं भुवया उंचावल्या आणि सुनेला हाक मारली. सुनेनं सांगितलं, परवा माहेरून आणलेला शेरभर हुलगा मीच त्यात ओतला, सांगायचं राहिलं. ‘‘मग बरुबर,’’ म्हाकूआक्का म्हणाली.

ती अंगठाबहाद्दर होती. तरी रोज सकाळी दाणा काढला की कणगीला बाहेरून बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायची. आवाज कुठं बदलतो तिथं दाणा. त्या एका टिचकीत तिला पुढचं सगळं वर्ष दिसायचं. ‘‘भूक लागल्यावर इचार करून काय उपेग?’’ ती म्हणायची. ‘‘त्यो प्वाट भरल्यावर करायचा. तवा डोकं जाग्यावर असतंय.’’

तिच्या सोप्याच्या आत स्वयंपाकघर आणि त्याच्याही आत एक बंद दार होतं. मी मोजणीच्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं. तिनंही माझं पाहणं पाहिलं.

‘‘तितलं माजं न्हाई,’’ एवढंच ती म्हणाली. अकरा मण तीन पायल्या सांगणाऱ्या बाईला मी पुढं काय विचारणार? मी वही मिटली.

शिमगा झाल्यावर सर्कलसाहेब तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. पण सात गावांच्या नोंदी बघून त्यांचं डोकं तापलेलं होतं. सगळी गावं उपाशी आणि सगळी माणसं धडधाकट, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पळसमाळात म्हाकूआक्काचा आकडा वाचून ते थांबले. ‘‘ही एवढं कबूल करते म्हणजे हिच्याकडे याच्या दुप्पट असणार,’’ ते मला म्हणाले. मी सांगितलं की मी स्वतः मापलंय. पण तोवर ते आत शिरले होते आणि त्यांनी ते दार पाहिलं होतं.

दार उघडलं. आत खिडकी नव्हती. कंदील आत धरला. भिंतीच्या कडेनं मडकी मांडलेली, कमरेएवढी उंच, एकतीस. प्रत्येकाच्या तोंडावर शेण-मातीचं लिंपण, आणि ते ओलं असताना त्यावर काढलेली खूण. कुठं चार बोटं, कुठं विळा, कुठं चांदणी, कुठं नुसती एक आडवी रेघ. राखेचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास सगळ्या खोलीत भरून राहिला होता. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं मला झालं.

‘‘हे काय?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘बी हाय. गावाचं.’’

मग तिनं सांगितलं. तिच्या सासऱ्याच्या काळात गावाला आग लागली होती. गवताची छपरं, एका दुपारी सगळी गेली. माणसं वाचली, पण बियाणं जळालं आणि त्या वर्षी अख्खा शिवार पडीक राहिला. गावात दगडामातीचं, धाब्याचं घर हे एकच होतं. तेव्हापासून सुगी झाली की प्रत्येक घर आपलं बी राखेत घोळून इथं आणून ठेवतं, आपल्या हातानं तोंड लिंपतं, खूण करतं. पेरणीला येऊन घेऊन जातं. मधल्या काळात त्या खोलीत म्हाकूआक्काशिवाय कुणी जात नाही.

‘‘नावं सांग,’’ साहेब म्हणाले. ‘‘प्रत्येकाला पेरणीपुरतं ठेवायची परवानगी आहे. ज्याचं त्याच्या नावावर लिहू.’’

‘‘नावं म्या सांगनार न्हाई, साहेब. ज्याचं त्यानं येऊन सांगावं.’’

‘‘नाही आले तर? बेवारस धान्य सरकारजमा होईल.’’

‘‘न्या की मग,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ‘‘फकस्त पेरायच्या वक्ताला तुमीबी या.’’

साहेबांनी दवंडी द्यायला लावली. मी सोप्यात वही उघडून बसलो. अंगणात माणसं जमली, पण उंबऱ्यापाशी कुणी येईना. मला कारण कळत होतं. घरात काही नाही असं प्रत्येकानं मला शपथेवर सांगितलं होतं. आता माझं मडकं म्हणायचं म्हणजे साहेबांच्या नजरेत यायचं. मग कडब्याच्या गंज्या उपसल्या जाणार, गोठ्यांच्या फरश्या निघणार. ऊन चढत गेलं. म्हाकूआक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं अंगणातल्या एकाकडेही पाहिलं नाही. माझी खात्री आहे, तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

पहिला आला तो एक म्हातारा मेंढपाळ, ज्याची जमीन सगळ्यात थोडी होती. ‘‘चार बोटं माजी,’’ तो म्हणाला आणि आपला पंजा पुढं धरला. त्याच्या हाताला अंगठा नव्हता. मग एक विधवा आली. मग दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नव्हते, पण खूण दोघांची एकच होती. त्यानंतर रांग लागली. दुपारपर्यंत सत्तावीस मडकी नावावर लिहून झाली.

चार राहिली. चारही एकाच खुणेची, आडव्या रेघेची. शाळूची मोठी मडकी, एकेक मणाची. म्हणजे जमीन बरीच असलेलं घर. कुणाचं ते सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, आणि तोही आला नाही.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी दाराशी लावायला सांगितली. दोन माणसं आत जायला निघाली तशी म्हाकूआक्का चौकटीतून पुढं आली.

‘‘चार मणच पायजेत न्हवं?’’

‘‘सरकारजमा करायचं आहे. चार मण शाळू.’’

‘‘मग ह्यातला घ्या.’’ तिनं आपल्या कणगीवर हात ठेवला. ‘‘ह्योबी शाळूच हाय. खायाचा हाय, तुमच्या कामाचा. मडक्यातलं बियानं हाय, त्याला हात लावू नगा.’’

साहेब चमकले. ‘‘अगं, तुझा नियमातला वाटा आहे तो. तुला कोण मागतंय?’’

‘‘म्याच देतीया.’’

‘‘आणि तू काय खाशील?’’

‘‘ते माजं म्या बगीन. मला मोजाया येतंय.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते घ्यायचं नव्हतं हे मला स्पष्ट दिसलं. पण चार बेवारस मडकी चौदा घरांसमोर निघाली होती आणि ती न घेता परत जायची त्यांची टाप नव्हती. त्यांनी मान हलवली. कणगीचं तोंड सोडलं. दाणा सुपात पडताना जो आवाज येतो तो मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी कानांत बोटं घालायचं तेवढं बाकी राहिलं होतं. ती नेहमीसारखी शेजारी बसून होती. चार मण भरले तेव्हा तिनं मापाचं तोंड हातानं सारखं केलं, म्हणजे सरकारला मूठभरही कमी जाऊ नये.

तिघींना चार महिने पुरेल एवढं धान्य त्या गाडीतून गेलं. साहेबांनी त्या गावात दुसरं एकही घर तपासलं नाही. जाताना त्यांनी तिला हात जोडले. सरकारी माणसानं मोजणीच्या वेळी कुणाला हात जोडलेले मी तेवढेच पाहिले.

पुढच्या आठवड्यात गावातून दोनदा तिच्याकडे धान्य आलं. तिनं दोन्ही वेळा परत पाठवलं. सुनेला आणि नातीला घेऊन ती सांगलीला गेली, हळदीच्या कामाला. हळद निवडायची, मजुरीत पैसे नको म्हणायची, दाणा मागायची. दोन महिन्यांनी परतली ती हाताच्या कोपरापर्यंत पिवळी होऊन, मिळालेल्या अडीच मणांतलं झेपेल तेवढं डोक्यावर घेऊन आणि बाकीचं ओळखीच्या गाडीत टाकून. पुढं शाळूच्या पेरणीचे दिवस आले. एका सकाळी मी गावात गेलो तर रेघेची चार मडकी खोलीत नव्हती. ‘‘नेली,’’ ती म्हणाली. कोणी, कधी, काय बोलून, काही नाही.

पावसाळ्यानंतर माझी बदली झाली. सर्व्हिस मोटार फाट्यावर थांबायची, गावापासून दोन मैलांवर. नको नको म्हणत असताना ती माझी पेटी घेऊन फाट्यापर्यंत चालत आली. मोटारीला वेळ होता. बाभळीच्या विरळ सावलीत बसलो आणि इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं.

‘‘आक्का, इतकी वर्षं ती खोली तुझ्या घरात. दुष्काळही आले असतील. तुला कधी मोह झाला नाही?’’

तिनं समोरच्या माळाकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

‘‘येकदा फोडलंय म्या त्यातलं,’’ ती म्हणाली.

बिरू चार वर्षांचा होता. सलग दुसरं वर्ष पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. नवरा जनावरं घेऊन खाली कृष्णाकाठाला गेला होता. घरात ती आणि सासू तरवडाचा पाला नि निवडुंगाची बोंडं खाऊन होत्या. बिरूला ताप भरला, ते त्याच्या पोटात ठरेना. एक दिवस तो रडायचा थांबला. ‘‘रडत व्हता तवर म्या दारापाशी गेली न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘थांबला तशी उटली.’’ सासूनं तिला उठताना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. हाताला जे पहिलं मडकं लागलं त्याचं लिंपण तिनं फोडलं. राख धुतली, शाळू भरडला, पातळ कण्या करून पोराच्या तोंडात सोडल्या. आठ दिवस.

‘‘नवव्या दिशी त्यो उटून बसला. म्या तशीच त्या घरला गेली. मडकं ज्याचं त्यो म्हातारा सोप्यात बसला व्हता. त्याच्याबी चुलीवर त्या दिशी काय न्हवतं. म्या पायावर डोस्कं ठिवलं. म्हनलं, आवं, म्या तुमचं बी खाल्लं. गावात सांगा, मला भाईर काढा.’’

‘‘मग?’’

‘‘त्यानं इचारलं, प्वार हाय का? म्हनलं, हाय. तर म्हनला, मग झालं. आन् सुनंला हाक मारली, हिला पानी दे म्हून.’’

पुढल्या सुगीला तिनं ते मडकं पुन्हा भरून दिलं. म्हाताऱ्यानं गावात ही गोष्ट कधीच काढली नाही, स्वतःच्या मुलालाही सांगितली नाही.

‘‘त्योच लेक त्या दिशी अंगनात हुबा व्हता,’’ म्हाकूआक्का म्हणाली. ‘‘रेघवाला. भ्याला, म्हून आला न्हाई. भीती कुनाला वाटत न्हाई, भाऊसाब? वर गेल्यावर त्याच्या बाला म्या काय सांगू, तुजं बी माज्या डोळ्यादेखत गाडीत घातलं म्हून?’’

मोटार आली. तिनं पेटी वर चढवली, ड्रायव्हरला म्हणाली, ‘‘संबाळून ने रं, लेकरू हाय.’’ मी खिडकीतून मागं पाहिलं तेव्हा ती माळावरून घराकडे निघालीसुद्धा होती, पदर खोचून, भरभर. त्या आठवड्यात बाजरीच्या सुगीचं गावाचं नवं बी यायचं होतं आणि खोली तिला सारवायची होती.