सातवा दगड

१७ एप्रिल १९८६, गुरुवार. विहीरवाले नवराबायको सकाळी सातला आले. पाणी कमरेइतके. गाळ एकोणीस पाट्या निघाला; त्यात एक फुटकी बादली, एक चमचा, शेजारच्यांचा चेंडू. पायऱ्यांपासून डाव्या हाताला सातवा दगड, तळापासून तिसरा थर, पोकळ वाजतो असे विहीरवालीने सांगितले. पाणी भरू लागले होते म्हणून ते काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकले. दुपारी ऊन फार. धोब्याकडून दोन चादरी आल्या. एकीवरचा डाग तसाच, परत केली.

हे टिपण लिहिणाऱ्या बाईंना गल्लीत वहीवाल्या बाई म्हणत. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी दूरगावी दिलेली; घरात त्या, भिंतीवरचं घड्याळ आणि एकोणचाळीस वर्षांच्या एकोणचाळीस वह्या. कॉन्व्हेंटात शिकलेल्या होत्या. तिथल्या सिस्टरनी शाईने लिहायची आणि लिहिलेलं न खोडायची सवय लावली ती हाडांत मुरली. कुणाचं छप्पर कोणत्या वर्षी उडालं, कुणाची म्हातारी कोणत्या वारी गेली, असा वाद निघाला की लोक बाईंच्या दारात येत. बाईंची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

विहीरवाल्याला सगळे बेडूकमामा म्हणत. उन्हाळाभर माणूस जमिनीच्या वर दिसेल तर शपथ. तोही नावाचा राग मानायचा नाही. “विहिरीतल्या बेडकाला जग कळत नाही म्हणतात,” तो म्हणायचा. “नसेना का. विहीर तर कळते?”

खरं तर विहीर कळायची ती त्याच्या बायकोला. तो मूळचा गाळाच्या पाट्या वाहणारा मजूर. ती विहीरवाल्याची मुलगी. तिचा बाप हातोडीने दगड ठोकायचा आणि आवाजावरून सांगायचा, कुठल्या दगडामागची माती वाहून गेली आहे. भरीव दगड टणक वाजतो. मागे पोकळी असली की आवाज जरा खाली बसतो, बंद दारावर थाप मारल्यासारखा. ती पोकळी वेळेत उघडून खडी आणि चिकणमातीने ठासून भरली नाही, तर एखाद्या वर्षी दगड पुढे सरकतो आणि मग भिंतच खाली येते. बापाने मुलीला आणि जावयाला दोघांनाही हे शिकवलं. मुलाला मात्र ते जमलं नाही. तो पुढे धान्याच्या दुकानात तराजूवर लागला. “बापाचे कान बहिणीला गेले,” तो सांगायचा, “माझ्या वाटणीला नुसतं नाक आलं.” नाक होतंही तसं.

मामा आत उतरायचा, ती वर कप्पीपाशी दोर धरायची. दोर घरच्याच माणसाने धरायचा, हा तिच्या बापाचा नियम. आधी कंदील खाली सोडून हवा पाहायची, मग माणूस. विहिरीत हाका मारून काही उपयोग नसतो, आवाज आवाजात मिसळतो. म्हणून बोलणं दोराचं. एक हिसका म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. मामा दगड ठोकत फिरू लागला की ती कठड्यावर पालथी पडून डोकं आत घालायची. दगडाला हात लावण्याआधी तो मान वर करून तिच्याकडे बघायचा. गल्लीतले लोक हसायचे. बायकोला विचारल्याशिवाय हा दगडसुद्धा हलवत नाही, घरचं सरकार खालीही चालतं, असं म्हणायचे. बाईंशीही तो थेट फारसं बोलत नसे. विचारलेलं ती तोंड त्याच्याकडे करून सावकाश पुन्हा सांगायची, मग तो उत्तर द्यायचा. बाईंना वाटायचं, माणूस जरा घुमा आहे.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात तो आला तो मेहुण्याला घेऊन. विहीरवाली थंडीतच गेली होती. छातीत कफ झाला, अकरा दिवस ताप, बाराव्या दिवशी आटोपलं. बाईंनी त्याला पायरीवर बसवून पाणी दिलं. त्याने ते हातातच धरून ठेवलं आणि विचारलं, गेल्या साली ती तुम्हाला दगडाबद्दल काही म्हणाली होती का. पोकळ दगड निघाला होता एवढं त्याला आठवत होतं. कुठला ते नाही. छिन्नीने खूण करायची त्यांची पद्धतच नव्हती. सगळ्या विहिरींच्या खुणा तिच्या डोक्यात. ती वर आहे म्हटल्यावर खूण कशाला?

बाईंनी आतून वही आणली, पान काढून वाचून दाखवलं आणि त्याचं लक्ष नाहीसं पाहून ओळीवर बोट ठेवलं. तो बोलत बोलत वाचत गेला. “डाव्याच हाताला?” त्याने विचारलं.

“लिहिलंय ना,” बाई म्हणाल्या.

सकाळभर पाणी उपसलं. मेहुणा वर दोर धरून घामाघूम झाला, आणि मामाने खालून हातोडीने ठोकलं तेव्हा म्हणाला, मला सगळे दगड सारखेच वाजतात, पोती असती तर सांगितलं असतं. मामाने पायऱ्यांकडे तोंड करून डाव्या हाताला सात दगड मोजले. सातव्याच्या सांध्यातला चुना फोडून पहारेने तो बाहेर काढायला दुपारचे दोन वाजले. मागे माती होती. घट्ट, कोरडी, पहार टेकवली तर परत ढकलणारी. पन्नास वर्षांत तिथून कणही हलला नव्हता.

दगड परत बसवून, सांधे भरून मामा वर आला आणि कठड्याला टेकून बसला. बराच वेळ हातांवरचा चिखल सोलत राहिला. बाईंनी विचारलं, काय झालं, तर त्याने बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि जे सहा वर्षं दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्याचे कान गेले होते. आधी डावा, मग उजवा. समोरच्याचे ओठ दिसले तर निभायचं. दगड मात्र मुके झाले. धंदा सोडतो म्हणाला तेव्हा बायको म्हणाली, मी कशाला आहे? तेव्हापासून तो नुसता ठोकायचा. ती वरून ऐकायची आणि त्याच्या कमरेच्या दोराला हिसका द्यायची. भरीव असेल तर एक, पोकळ असेल तर दोन. सहा वर्षं, शेहेचाळीस विहिरी.

“मी आजवर तिच्या हिशेबाने दगड काढले, आणि जे नाही काढले तेही तिच्याच हिशेबाने,” तो म्हणाला. “वरून आत ऐकू येतं का, बाई, इतकं? की मला बरं वाटावं म्हणून ओढायची दोर?”

“दाजी, काहीतरीच काय बोलता,” मेहुणा म्हणाला. पण मामा तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हता, म्हणून ते त्याच्यापर्यंत गेलं नाही.

जाताना तो एवढंच म्हणाला की ज्यांच्या ज्यांच्या विहिरी केल्या त्यांना सांगून येतो. लोक त्या कठड्यावर वाकतात, लेकरं वाकतात. त्यांना अंधारात ठेवणं बरं नाही.

संध्याकाळी बाई नेहमीप्रमाणे लिहायला बसल्या. विहीरवालीने काय सांगितलं होतं ते पुन्हा आठवायला त्यांनी डोळे मिटले. ती कप्पीपाशी उभी होती, ओल्या हाताने पलीकडे दाखवत होती, आणि म्हणाली होती, “पायऱ्यांपासून हा इकडं, सातवा.” डावा की उजवा हे ती म्हणालीच नव्हती. बाई त्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. उंबरा पायऱ्यांच्या अंगाला, कप्पी समोर. हात दाखवला तो बाईंच्या डावीकडे, म्हणून त्यांनी डावा लिहिला. आत उभं राहून पायऱ्यांकडे पाहणाऱ्याला तोच उजवा.

त्या उठल्या, उजेड होता तोवर परसात गेल्या, कप्पीपाशी उभ्या राहिल्या. मग येऊन उंबऱ्यावर बसल्या. पुन्हा कप्पीपाशी गेल्या. दर वेळी तेच, उंबऱ्यावरून डावा तो कप्पीपासून उजवा.

लगेच निरोप पाठवता आला असता. शनिवारी तो ओले सांधे पाहायला येणारच आहे, तेव्हा सांगू, असं त्यांनी ठरवलं. शनिवारी तो आला नाही, मेहुणा आला. त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, असं त्यांनी स्वतःला पटवलं. एकोणचाळीस वर्षांत वहीत चूक सापडली नव्हती. कदाचित हीही नसेल. दगड उघडल्याशिवाय कोण सांगणार?

तोवर मामा दारोदार फिरत होता. बातम्या बाईंच्या दारापर्यंत येत होत्या. पाववाल्याने कठड्याला दोरी बांधून मुलांना लांब केलं. शिंप्याच्या बायकोने मामाला बसवून घेतलं, खायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावला. गिरणीवाला चारचौघांत म्हणाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बायको वर पडून झोपा काढत असेल आणि हा खाली दगडांना टाळ्या वाजवत होता. लोक हसले. मामाही थोडा हसला म्हणे. त्याला वाटलं असेल, काहीतरी साधंच बोलणं चाललंय.

हे ऐकलं त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. गेल्या वर्षीची वही पिशवीत घातली, छत्री घेतली आणि निघाल्या. नववा दिवस होता.

मामाची एकच खोली होती, मागच्या बाजूला उघडणारी. दोन खाटा. एकीवर अंथरूण, दुसरीवर दोराचं वेटोळं, त्यावर घडी करून ठेवलेला तिचा कामाचा रुमाल. पहार, छिन्न्या, पाट्या भिंतीला उभ्या, धुऊन पुसून. मामा खाटेवर बसला होता. बाई बोलायला लागल्या, पण लाजेने हात तोंडावर गेला आणि त्याला काही कळेना. “काय म्हणता, बाई?” त्याने दोनदा विचारलं. तेव्हा त्यांनी वही उघडली, त्याच्या मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि ‘डाव्या’वर रेघ ओढली. वर लिहिलं, उजव्या. खाली लिहिलं, चूक माझी, तिची नव्हे.

मामाने बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

“तुम्हाला कधी कळलं?” त्याने विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “त्याच संध्याकाळी,” त्या म्हणाल्या. या वेळी हात तोंडावर नव्हता.

त्याने वही मिटून त्यांच्या हातात दिली. मग उठून तिच्या खाटेवरचा दोर उचलला आणि रुमाल उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने उजव्या हाताचा सातवा दगड उघडला. बाई कठड्याशी उभ्या होत्या. बारा वाजण्याच्या सुमारास दगड हलला. या वेळी पहारेचं टोक मागे कुठे टेकलंच नाही. मामाने हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला. तो तसाच भिंतीला गाल लावून उभा राहिला. मग मोकळ्या हाताने त्याने कमरेचा दोर ओढला. दोनदा.

मेहुणा गोंधळला. “तीन म्हणजे वर, एक म्हणजे सैल. दोन म्हणजे काय? खालून दोन आले तर काय करायचं, ते दाजींनी सांगितलं नव्हतं.”

“दोन म्हणजे पोकळ,” बाई म्हणाल्या. “ते तुम्हाला सांगत नाहीयेत. धरून राहा नुसतं.”

पोकळीत अठ्ठावीस पाट्या खडी आणि माती गेली. मामाने एकेक पाटी ठोकून बसवली, दगड लावला, सांधे भरले. दिवस कलता कलता तीन हिसके आले. वर आल्यावर बाई त्याला म्हणाल्या, मी बरोबर येते, एकेका घरी जाऊ, वही दाखवू, मी माझ्या तोंडाने सांगते. त्याने त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि नाही म्हणून मान हलवली.

“माझ्या बायकोला खोटं मीच ठरवलं, बाई. तुम्ही नुसता एक शब्द चुकलात. मी ती गेल्यावर चार महिन्यांत नऊ दिवस तिच्यावर संशय धरून दारोदार सांगत हिंडलो. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ? आणि लोक असं ऐकतात एकदाच.”

त्याने कमरेची गाठ सोडली आणि दोर गुंडाळायला घेतला. मेहुण्याने विचारलं, उद्या कुणाकडे? कुणाकडेच नव्हतं. पुढेही कुणी बोलावलं नाही, आणि खाली उतरून ठोकलं असतं तरी वर ऐकणारं कुणी नव्हतं. पावसाळ्याआधी तो मेहुणा कामाला होता त्या दुकानात पोती शिवायला बसू लागला. तिथे बोलावं लागत नाही. बाई पुढे शिंप्याकडे, पाववाल्याकडे, गिरणीवाल्याकडेही एकट्या वही घेऊन जाऊन आल्या. पाववाल्याने दोरी सोडली. गिरणीवाला म्हणाला, बाई, तुमची वही चुकते म्हणजे आता कुणावर विश्वास ठेवायचा, आणि चहा विचारला.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मामा दोर खांद्यावर टाकून मागच्या दाराने गेला. बाईंनी दिवा लावला, नवी वही उघडली, तारीख घातली, पाट्यांचा आकडा लिहिला आणि बराच वेळ पेन धरून बसल्या. मग खाली एक ओळ लिहिली.

विहिरीचे पाणी गढूळ. पिण्यासाठी शेजारून दोन कळशा आणल्या.