मावशीनं उत्तरं सोडली

बाजारातून आणलेलं पापलेट ओट्यावर आपटावं तसा मावशी मोबाइल माझ्या काउंटरवर आपटायची. "वाच. मोठ्यानं वाच."

मोठ्यानं म्हणजे माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर शेवटच्या रिक्षात झोपलेल्या माणसाला जाग येईल इतक्या मोठ्यानं. माझं कुरिअरचं दुकान स्टँडला खेटून. चष्मा तिच्या गळ्यात लटकत असायचा, पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी ती स्वतः वाचत नसे. "असलं वाचायला देवानं मला डोळे दिले नाहीत," म्हणायची. मला बहुधा त्यासाठीच दिले असावेत.

मी वाचायचो. "'केळी काळी पडलेली होती. पूर्ण सुकलेली निघाली. अतिशय वाईट अनुभव. एक तारा.'"

स्टँडवर शांतता पसरायची. तिसरं पॅसेंजर मिळालेला रिक्षावालासुद्धा इंजिन बंद करायचा, आणि वसईत ह्यापेक्षा मोठा मान अजून कुणाला मिळालेला नाही.

"लिही," मावशी म्हणायची. "'बाबा, ह्यांना सुकेळी म्हणतात. ओली पाहिजे असतील तर केळीखाली जाऊन तोंड उघडून बस.' पाठव."

मी पाठवायचो. स्टँडवर टाळ्या पडायच्या.

तुम्ही वसईचे नसाल तर तुमचीही तशीच फसगत होईल म्हणून सांगतो. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं, आठवडाभर उन्हात वाळवायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी तान्ह्या पोरासारखं झाकून ठेवायचं. मग ते जुन्या गुळासारखं काळपट-तांबूस होतं, आणि वाळलेल्या केळीच्याच पानात बांधून ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं. दिसायला ते असं, की सुंदर फोटो काढायला आलेल्या पोरानं कॅमेरा बॅगेत परत ठेवला होता. चवीला मात्र असं, की एक खाल्लं तर माणूस दुसऱ्यासाठी भावाशी भांडेल. आमच्या भागात पूर्वी बऱ्याच घरांत करायचे. आता त्या घरांच्या जागी सात-सात मजले आहेत, आणि सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत फक्त टॉवेल वाळतात.

मावशीची केळीची वाडी उरली होती. नवरा गेल्यावर वाडी तिच्या नावावर आली, आणि थोरल्या मुलाच्या डोळ्यांत. त्याला तिथे लग्नाचं लॉन काढायचं होतं: हिरवं कार्पेट, स्टेज, कारंजं. शेवटी मायलेकांत तह झाला. थोरला म्हणाला, "आई, ऑनलाइन दुकान टाकून देतो. ते चाललं तर वाडी तुझी. बंद पडलं तर लॉन." मावशीनं मान डोलावली. ऑनलाइन म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण चालवायचं म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं.

घरातली बोली ती घरच्यांसाठी आणि कोंबड्यांसाठी राखून ठेवायची. गिऱ्हाइकांना मात्र शुद्ध मराठीत सोलायची.

एकीनं लिहिलं, "पार्सलमध्ये कचरा आला, वाळलेली पानं." उत्तर गेलं, "तो डबा आहे. तुझा डबा गायीपुढे टाक, हा पण टाक, आणि कुठला खाते बघ."

इंदूरच्या एकानं लिहिलं, "दाताला चिकटतात." उत्तर, "दात आहेत ना अजून? आभार मान."

"आवडलं नाही. का ते सांगता येणार नाही," असंही एकानं लिहिलं. मावशी म्हणाली, "लिही, 'लग्नाच्या वेळी पण असंच झालं असेल.'" त्या माणसानं पुढे काही लिहिलं नाही. बायकोनं लिहिलं. तिनं पाच तारे दिले आणि एक किलोची ऑर्डर टाकली.

एका पठ्ठ्यानं तर पानासकट खाल्ली होती आणि "फायबर जास्त आहे" म्हणून एक तारा कापला होता. त्या वेळी मावशीनं मोबाइल उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाली, "ह्याला काही लिहू नको. ह्याच्या घरच्यांना आधीच खूप आहे."

आता गंमत बघा. ह्या उत्तरांचे फोटो कुणीतरी काढले आणि ते मोबाइलमोबाइल फिरले. विरारला फिरले, नाशिकला फिरले, दुबईतही फिरले असं थोरला सांगतो, पण त्याचं कारंजंसुद्धा तो आधी दुप्पट उंच सांगायचा. खरं एवढंच की ऑर्डरींचा पूर आला. लोक सुकेळी मागवत नव्हते हो, शिव्या मागवत होते! चांगली शिकलेली, चष्मेवाली माणसं पाकीट न फोडताच एक तारा द्यायची आणि वाट बघत बसायची. एकानं तर तक्रारीत सरळ लिहिलं, "तक्रार काही नाही. मावशी, माझ्या बॉससाठी दोन ओळी सांगा." ज्या देशात घरच्या आईचं कुणी ऐकत नाही, तिथे लोक कुरिअरचा खर्च भरून दुसऱ्याच्या आईचं ऐकत होते.

माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. थोरला अचानक मातृभक्त झाला. पूर्वी वाडीत पाऊल न टाकणारा माणूस सकाळी येऊन केळी मोजायला लागला. आठवडाभराच्या उन्हाला आता वेळ कुठला? त्यानं गॅरेजच्या पत्र्यावर केळी पसरली. तापलेल्या पत्र्यावर तीन दिवसांत झाली काळी. मावशी म्हणाली, "घाई होतेय." थोरला म्हणाला, "ऑर्डरी होतायत." मावशीनं पुढची केळी सोलायला घेतली. वाडी वाचत होती ना.

आणि मग ज्या अ‍ॅपवर दुकान होतं, त्याच्या कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी इतकी गोड बोलत होती की फोनला मुंग्या लागतील असं वाटलं.

"मॅम, कस्टमरशी नम्र राहायचं असतं. आणखी एक असा रिप्लाय गेला तर आम्हाला तुमचं दुकान बंद करावं लागेल. मी तुम्हाला तयार उत्तर पाठवते, सगळ्यांना तेच टाकायचं."

तयार उत्तर आलं. मी वाचलं, मोठ्यानं. "'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'"

"सगळी खाल्ली त्या इंदूरवाल्यानं," मावशी म्हणाली. "खाताना गैरसोय नाही झाली? आणि माफी मी फादरकडे मागते. तीपण माझ्या पापांची. ह्याच्या दातांची नाही."

पण घाबरली होती. दुकान गेलं की वाडी गेली. राखेचा बुधवार जवळ आला होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत तिच्याकडचे लोक उपवासकाळ पाळतात, आवडती एखादी गोष्ट सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी दारू, कोणी चहा. मावशी दरवर्षी मासे सोडायची आणि सगळ्या गावाला ते कळेल अशी सोडायची. ह्या वर्षी कुमसाराला गेली, म्हणजे फादरपुढे पापं सांगायला, आणि तिथून थेट माझ्या काउंटरवर आली. चेहरा पडलेला.

"काय झालं मावशी?"

"फादर म्हणतात, 'मासे खा. उत्तरं सोड.'"

"फादरना कसं कळलं?"

"सगळं वाचतात ते. दाताचं त्यांना पाठ आहे."

त्यानंतरचे आठवडे ज्यानं पाहिले नाहीत त्यानं माणसाचा संयम पाहिला नाही. ती रोज यायची. मी वाचायचो. तिचे ओठ पांढरे पडायचे, कानशिलं लाल व्हायची, काउंटरचा कडेचा प्लायवूड तिनं नखांनी चार बोटं तरी खाल्ला असेल. तिसऱ्या दिवशी तिला वाट सापडली. पिशवीतून जपमाळ काढली, डोळे मिटले आणि म्हणाली, "उत्तरं सोडलीत. प्रार्थना नाही सोडल्या."

आणि सुरू झाली. "हे प्रभू, नागपूरच्या ह्या माणसाला तू जीभ दिलीस. आता तिला चव दे. हे माते, ठाण्याच्या ह्या बाईला घरात बोलायला कुणीतरी मिळू दे, म्हणजे ती केळ्यांशी भांडणार नाही. नमो मरिया."

स्टँडवर हिंदू, मुसलमान, बिहारी, सगळे "आमेन" म्हणायला शिकले. एका रिक्षावाल्यानं आपल्या घरमालकासाठीपण प्रार्थना करून घेतली.

अ‍ॅपवर मात्र सामसूम. तिकडे नवलच घडलं: तारे वाढले आणि ऑर्डरी घटल्या. "सेलर आता बोलत नाही, मजा गेली," असं कुणी लिहिलंही. थोरला टेप घेऊन वाडीत दिसायला लागला. विचारलं तर म्हणे कुंपण मोजतोय. कुंपण स्टेजच्या आकाराचं होतं.

अशात एका दुपारी ती आली, मोबाइल आपटला, आणि मी सवयीनं सुरू केलं.

"'आई मूळची वसईची. आता तिचं खाणं जवळजवळ बंदच आहे. एकदा सुकेळी खायची आहेत म्हणाली, म्हणून मागवली. एक घास घेतला आणि...'"

माझा आवाज खाली आला.

"मोठ्यानं," मावशी म्हणाली.

"'...एक घास घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, वरून सुकलीत, आत कच्ची आहेत. ऊन नाही लागलं ह्यांना. आमच्याकडची अशी नसायची. मला तुम्हाला काही बोलायचं नाही. एक तारा.'"

"मावशी, प्रार्थना?" एका रिक्षावाल्यानं आठवण केली.

तिनं जपमाळ काढली नाही. जायला तयार असलेल्या पार्सलांच्या ढिगातलं वरचं उचललं, दातांनी दोरी तोडली, एक सुकेळं मोडून आत बघितलं. मग खाल्लं. बराच वेळ चावत राहिली, आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे बघत.

"म्हातारी खरं बोलते," ती म्हणाली. "हे सगळं परत काढ."

"सगळं?"

"पत्र्यावरचं एकही जायचं नाही."

"मावशी, इतकं एकदम कॅन्सल केलं तर कंपनी दुकान बंद करते. मग वाडीचं काय?"

ती काहीच बोलली नाही. उत्तरं सोडली होती ना.

दोन रिक्षांत भरून तिनं पार्सलं परत नेली. थोरला रस्त्यात आडवा आला, ओरडला, हातापाया पडला. मावशीनं रिक्षावाल्याला फक्त "चल" म्हटलं. आठवड्याच्या आत कंपनीचा निरोप आला: खूप ऑर्डरी रद्द केल्यामुळे दुकान कायमचं बंद. खाली लिहिलं होतं, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आईबापावरून सोडून बाकी सगळं ती गिऱ्हाइकांना बोलली, तोवर दुकान धो-धो चाललं. कच्चा माल विकणार नाही म्हणाली, आणि त्याच दुकानाला टाळं लागलं. व्यापार कसा करावा ह्यावर शहरात क्लास चालतात, फी भरून जावं लागतं. मी हे तुम्हाला फुकट सांगतोय.

ईस्टरच्या आधीच्या दिवसांत ती परत आली. हातात एकच पुडकं. वाळलेल्या पानात बांधलेलं, सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीची गाठ. रीतसर आठवडाभर ऊन खाल्लेली सुकेळी.

"त्या म्हातारीच्या मुलीच्या पत्त्यावर पाठव."

"चिठ्ठी लिहू?"

"उत्तर द्यायचं नाही."

"नाव तरी?"

"खाल्ल्यावर कळेल."

पुडकं पोचलं, मला मोबाइलवर दिसलं. दुसऱ्या दिवशी मावशी आली. मोबाइल आपटला नाही, हळूच ठेवला, आणि पहिल्यांदाच गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काही लिहिलं का तिनं?"

"मावशी, दुकानच बंद झालंय. लिहायला जागाच नाही."

"वाईट लिहिलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"नंबर आहे माझ्याकडे. फोन लावू?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "नको. म्हातारी राहिली नसली तर?"

मी फोन ठेवून दिला. त्यानंतरही ती काही दिवस येत राहिली. रिक्षावाले विचारायचे, "मावशी, आज कोणाचा नंबर?" ती हात हलवायची, बाकावर बसून ऊस खायची, आणि निघून जायची. मग यायची थांबली.

लॉन झालं. तह म्हणजे तह. हिरवं कार्पेट आहे, स्टेज आहे, कारंजं थोरला सांगतो त्याच्या निम्मं आहे. जनरेटरच्या मागे राजेळीची थोडी झाडं मावशीनं हट्टानं राखली. आणि वाडीत आता सलग ऊन पडतं ते त्या कार्पेटवरच. तेव्हा ज्या दिवसांत केळी वाळवायची, त्या दिवसांत ती दुपारभर कार्पेटवर चटया टाकून बसते, मग तिथे लग्न असो नाहीतर पंतप्रधान येणार असो. आठवडा म्हणजे आठवडा.

परवा थोरला माझ्याकडे आला. रडकुंडीला आलेला. लॉनला कुणीतरी एक तारा दिला होता. त्यानं मला वाचून दाखवलं, हळू आवाजात, इकडेतिकडे बघत.

"'लॉन प्रशस्त. जेवण बरं. परंतु एका वयस्क बाईंनी नवरदेवाच्या मामांना जेवणाच्या रांगेतून ओढून केळ्यांवरच्या माश्या हाकायला बसवलं. मामा वऱ्हाड निघेपर्यंत तिथेच होते. फोटोत नाहीत.'"

"काय उत्तर देऊ?" तो म्हणाला.

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मामांचा हात चांगला आहे. उद्या पण पाठवा."