धक्क्याची गाडी

निघायचं झालं की मास्तरांचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर जायचा आणि हवेतली दोरी दोनदा ओढायचा. बाजाराला निघताना, लग्नाच्या पंगतीतून उठताना, एकदा तर डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीतून उठताना. तोंडाने काही बोलायच्या नाहीत. ‘टिंग टिंग’ आपण मनात म्हणायचं. यष्टीत कंडक्टरकी केलेल्या माणसाचा हात निवृत्त होत नाही, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल.

कंडक्टर बाई असली तरी आमच्याकडचे प्रवासी तिला ‘मास्तर’च म्हणतात. “ओ मास्तर, एक फुल, एक हाफ.” लष्कराच्या छावणीतल्या आमच्या गल्लीनेही तेच नाव चालू ठेवलं. मास्तर माझ्या शेजारी, भिंतीला भिंत लावून राहायच्या. आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं तर आमच्या घरातलं कुणीतरी उठून द्यायचं.

तीसेक वर्षं हलत्या गाडीत उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालेल. मुलगा वाळूजच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने हौसेने जाड टायरची इलेक्ट्रिक माउंटन सायकल घेतली होती. काही रविवार फिरवली आणि मग ती ओट्यावर टॉवेल वाळत घालायच्या कामी आली. एके सकाळी मास्तरांनी टॉवेल काढले, निवृत्तीनंतर पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला आणि सायकलवर बसल्या. तेव्हापासून सकाळी फिरायला आम्ही दोघं बरोबर. त्या मोटरवाल्या सायकलवर, मी माझ्या साध्या.

त्या सायकलची एक खोड होती. थांबलेली असताना पायडल मारलं तर मोटर लगेच मदतीला यायची नाही. मी स्टोअरकीपरचं काम करतो, मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. म्हणून खडूने खूण करून पाहिलं: पायडलच्या अर्ध्या फेऱ्यापेक्षा जरासं कमी. तेवढं आपण आपल्या पायाने ओढायचं, मग मोटर येते. सपाटीवर ते कळतही नाही. चढावर कळतं.

मुलगा म्हणायचा, “आई, मशीनमध्येच फॉल्ट आहे.”

“फॉल्ट कसला?” मास्तर म्हणायच्या. “बेल दिल्याबरोबर कोणती गाडी निघाली रे आजवर? डायव्हर तंबाखू थुकतो, आरशात बघतो, मग गेर टाकतो. पाय म्हंजी माझी बेल. मोटर म्हंजी डायव्हर. बेल द्यायची अन् गप उभं राहायचं.”

गल्लीत यावर सगळे हसले. मीही हसलो, कारण उपमा चोख बसली होती. ती नको तितकी चोख बसली होती, हे नंतर कळलं.

एकदा सकाळी फिरताना नदीवरच्या पुलाच्या कठड्याशी थांबलो असताना त्या म्हणाल्या, “साहेब, मला घाट बघायचाय.”

“कोणता?”

“खुलताबादचा. दौलताबादच्या पुढचा.”

“अहो, त्या रूटवर तर तुमची नोकरी झाली.”

“व्हय, पण बघितला कुठं? माझं तोंड पाशिंजराकडं. घाट सगळा माझ्या पाठीमागनं गेला. किल्लासुदिक मी लांब जातानाच बघितला, जवळ येताना कधी नाय. एकदा समोरनं बघायचाय. अन् दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून नाय.”

हे त्यांनी चेष्टेत सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या बोलण्याचा शेवट घाटात व्हायला लागला.

पण घाटात जुना दगडी दरवाजा आहे. तुम्ही वेरूळला गेला असाल तर त्यातून गेला असाल. समोरून मोठी गाडी आली की अलीकडच्यांनी चढावर थांबायचं आणि तिथूनच परत निघायचं. म्हणजे जिथे मोटर उशिरा येऊन चालणार नाही, नेमकं तिथे.

तालीम म्हणून आम्ही पुलापलीकडचा चढ धरला. एका रिक्षाने मध्येच तोंड घातलं, मास्तरांनी ब्रेक दाबला, थांबल्या. मग पायडल एकदा दाबलं. सायकल पुढे जायच्याऐवजी मागे सरकली आणि त्या आडव्या झाल्या. कोपर सोललं, गुडघा वाचला.

संध्याकाळी मुलाने कोपरावरची पट्टी पाहिली. तो आवाज चढवणारा मुलगा नव्हे. हळूच म्हणाला, “आई, आणखी एकदा पडलीस तर ही सायकल विकून टाकीन. मला तुला खाटेवर बघायचं नाही.”

“विक. तुझीच हाय,” मास्तर म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री भिंतीपलीकडून काहीही ऐकू आलं नाही. शेजारात राहून मी एवढी शांतता पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल शहागंजातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने चाक उचललं, फिरवलं, वायरी पाहिल्या. “मोटर एकदम बराबर है. इसमें कुच नै.”

मग खोट कुठे होती? पुढचे काही दिवस मी मुद्दाम मागे राहिलो आणि फक्त मास्तरांचा पाय पाहत राहिलो. आणि दिसलं. निघताना त्या पायडल झटक्यात दाबायच्या आणि पाय तिथेच थांबवायच्या. दोरी ओढून सोडल्यासारखा. मोटर यायच्या आत पाय थांबलेला, मग मोटर येणार कशी? सपाटीवर सायकल तेवढ्यात घरंगळून पुढे जायची, पाय पुन्हा फिरायचा आणि निभून जायचं.

“मास्तर, तुम्ही पाय दाबता आणि थांबवता.”

“मंग? बेल दिल्यावर दोरी ओढतच राहू का? डायव्हर शिव्या घालंल.”

“या मोटरला तुमचा पाय फिरताना दिसला पाहिजे. थांबला की तिला वाटतं, बाईंना जायचंच नाही.”

त्यांना राग आला. राग आला की त्या मला ‘साहेब’ऐवजी ‘इंचपट्टी’ म्हणायच्या. “इंचपट्टी, तुमी कधी यष्टी काढली का ष्टँडातनं?” असं म्हणून त्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसल्या. मी सायकल धरून उभा. मग अचानक त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की पुलाखालचे बगळे उडाले.

“आरं, ही बेलची गाडी नायच! ही धक्क्याची गाडी हाय!”

लासूर स्टेशनच्या मुक्कामी गाडीची गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली. थंडीत जुनी गाडी सकाळी चालूच व्हायची नाही. मग मास्तर सगळ्या प्रवाशांना खाली उतरवायच्या आणि धक्का मारायला लावायच्या. एकदा तर नवरदेवालाही उतरवला, बाशिंगासकट. “इंजन जरा फुर्र म्हनलं की ही माणसं हात सोडायची. झालं, गाडी बंद. मी मागून वरडायची, आरं सोडू नका! इंजनानं धरलं म्हणूस्तवर सोडू नका! अन् मीच इथं सोडून देती का काय?”

दुसऱ्या सकाळपासून पुलाच्या चढावर नवी तालीम. सगळ्यात हलका गियर, ब्रेक दाबलेला, एक पायडल वर. मग ब्रेक सोडायचा आणि, “हाणा!” धक्का मारणाऱ्यांची ती आरोळी मास्तर पूर्ण ताकदीने द्यायच्या. पहिल्या दिवशी धावायला निघालेली छावणीतल्या जवानांची तुकडी जागच्या जागी थबकली. त्या आठवड्याच्या शेवटी तेच जवान लांबून “हाणा, माँजी!” ओरडत पुढे जायला लागले.

घाटाचा दिवस रविवार ठरला. मुलाची अट अशी की तो मोटारसायकलवर मागे राहणार. मास्तर म्हणाल्या, “ये. तिकीट नाय काढायचं.” दौलताबादच्या अलीकडे किल्ला दिसायला लागला. किल्ला मोठा होत होता आणि त्या मान जराही न वळवता त्याच्याकडे बघत सायकल चालवत होत्या.

दरवाज्यात व्हायचं तेच झालं. पलीकडून पर्यटकांची गाडी आत शिरली आणि अडकली. आम्ही ऐन चढावर थांबलो. मागे जीप, तिच्या मागे आणखी गाड्या, हॉर्न. दरवाजा मोकळा झाला तसा जीपवाल्याने हॉर्नवरचा हात उचललाच नाही. मुलाने मोटारसायकल स्टँडला लावली, पळत आला आणि सायकलचं सीट धरायला हात पुढे केला.

मास्तरांनी मागे पाहिलं नाही. “हात लावू नको.”

“आई, मागे जीप आहे.”

“असू दे. लोकास्नी थांबायची सवय असती.”

त्याचा हात सीटपासून वीतभर अंतरावर तसाच राहिला. मास्तरांनी ब्रेक सोडला. आरोळी नाही, काही नाही. पाय खाली गेला, सायकल थरथरली, क्षणभर ना पुढे ना मागे. त्या क्षणात मोटर नव्हती, मुलाचा हात नव्हता, फक्त तो खराब गुडघा होता. आणि पाय थांबला नाही. मग मोटरने धरलं आणि मास्तर दरवाज्याच्या सावलीत शिरल्या.

मी खाली उतरून सायकल ढकलत घाट चढलो. ते माझं वय आणि माझी सायकल. वर पोहोचलो तेव्हा त्या एका हातगाडीपाशी पेरू खात उभ्या होत्या.

“लई वळणं हायेत हो,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटायचं, डायव्हर उगाच गाडी फेकतोय. किती भांडले त्यांच्याशी!” आणि डोळे पुसले. पेरूला तिखट फार लावलंय, असं त्यांनी पेरूवाल्याला ऐकवलंही.

आता मास्तर मुलीकडे राहायला गेल्या आहेत, नातवंडांसाठी. सायकलही नेली. ती विकण्याचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही.

दरवाज्याशी त्याने घाईत एक फोटो काढला होता. कारखान्यात तो सगळ्यांना दाखवतो, मलाही अनेकदा दाखवून झालाय. फोटोत दगड आहेत, सावली आहे, जीपचा बंपर आहे. पाहणारा फोन जवळ नेतो, लांब धरतो आणि शेवटी विचारतो, “पण यात तुझी आई कुठंय?”

“गेली ना पुढं,” तो म्हणतो.