कासवाची पिल्लं आणि पाच वाजताचा पाहुणा

कासवांविषयी कुणी माझ्यापाशी कौतुकाने बोलायला लागलं की माझं डोकं उठतं. लोक म्हणतात, तुम्ही किती भाग्यवान, घरासमोर कासवं येतात. येतात, खरंच येतात. तोंडवलीच्या किनाऱ्याला लागून आमचं घर. त्यातल्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. आणि नोव्हेंबर लागला की समुद्राच्या बाजूचा एकही दिवा मला लावता येत नाही. उजेड दिसला की मादी वाळूवर न चढता परत फिरते आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे चालत सुटतात. पर्यटक अंधारात पायरी चुकतात, त्यांची बोलणी मी खाते. सासरे मात्र आतून म्हणणार, ‘‘गो, पडवेतलो दिवो बंद केलंस मा?’’

हेच सासरे माझं लग्न झालं त्या वर्षी एका सकाळी टोपलीभर कासवाची अंडी घेऊन आले होते. वाळूवरचा माग काढून, काठीने टोचून घरटं शोधण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. ती अंडी मी तळायला घेतली तर पांढरं काही केल्या घट्ट होईना. चूल मंद आहे समजून मी लाकडं सारत राहिले आणि घरातले सगळे हसत राहिले. कासवाच्या अंड्याचं पांढरं कधीच घट्ट होत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही ती खाल्ली, शेजारी वाटली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग कासवं यायची थांबली. काही हंगाम तर एकही माग दिसला नाही. वनखात्याने गावात सभा घेतली तेव्हा सासरे भांडूनच परत आले. ‘‘आमी अंडी खाल्ली म्हणान कासवां संपली काय?’’ असं दोन दिवस घरात पुटपुटत होते. पण त्या थंडीत ते रोज पहाटे किनारा तुडवायला लागले. अख्ख्या हंगामात त्यांना एकच घरटं सापडलं. त्याला त्यांनी हात लावला नाही. मालवणला फोन करून वनखात्याच्या माणसाला बोलावलं. तेव्हापासून ते कासवमित्र. खात्याने त्यांना टोपी आणि बॅटरी दिली, आणि माझ्या डोक्याला ताप.

आता दर वर्षी घरटी वाढताहेत. अंडी उचलून आमच्या घरासमोर जाळीचं कुंपण केलंय त्यात पुरतात आणि प्रत्येक खड्ड्यावर एक टोपली पालथी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की ती टोपलीखाली सापडतात. म्हणजे दोन महिने कुत्री हाकला, खेकडे हाकला, आणि कुंपणाला टेकून फोटो काढणारे लोक हाकला. हे सगळं करायचं कुणी? माझा नवरा पहाटेच रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातो. सासरे पंच्याहत्तरीच्या पुढे. उरले मी.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी उजाडता उजाडता सासऱ्यांनी हाक मारली. दोन टोपल्या पिल्लांनी भरल्या होत्या. एरवी अशा वेळी ती लगेच पाण्याकडे सोडून देतात. पण आमच्या भागातली वनरक्षक, म्हणजे घाटावरून बदली होऊन आलेली पंचविशीतली मुलगी, मोटरसायकलवरून आली तीच पडलेला चेहरा घेऊन.

‘‘काकू, आज सोडायची नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘वरून सांगितलंय. संध्याकाळी पाच वाजता पाहुणे येणार आहेत. त्यांच्या हस्ते सोडायची.’’

‘‘आणि तोपर्यंत?’’

‘‘तोपर्यंत सावलीत ठेवायची. तुमच्या पडवीत.’’

माझ्या पडवीत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन टपांत ओली वाळू पसरून त्यात पिल्लं ठेवली, वर भिजवलेली गोणपाटं टाकली. खोल्यांमध्ये पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांना न्याहारीला घावणे घालू की टपाशी येऊन ते विचारत होते त्या प्रश्नांना उत्तरं देऊ, हे मला कळेना. पिल्लांचा आवाज तर सारखा चालू होता. सुकी पानं कुणी चुरगाळावीत तसा, टपाच्या कडेला पाय घासण्याचा.

सासरे टपाजवळ स्टूल घेऊन बसले. चहा दिला तो निवून गेला. साडेनवाच्या सुमाराला ते म्हणाले, ‘‘आवाज कमी झालो.’’

मी गोणपाट उचलून पाहिलं. खरंच, निम्मी पिल्लं मान टाकून पडली होती.

‘‘तेंच्या अंगात जोर असता तो पयल्या दिवसाचो,’’ सासरे म्हणाले. ‘‘तो हंय टपात संपलो तर मगे समुद्रात काय करतली?’’

मी वनरक्षक मुलीला तिच्या साहेबांना फोन लावायला सांगितला. ती अंगणाच्या टोकाला जाऊन बोलली, ‘‘हो सर, हो सर,’’ एवढंच ऐकू आलं. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ‘‘थांबा म्हणतात. मंडप घालायला माणसं निघालीत. काकू, माझी नोकरी नवीन आहे हो.’’

मला कासवांचा राग आला, त्या पाहुण्याचा आला, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा आला की अंगणात चार मोठी माणसं उभी असून कुणीच काही करत नव्हतं. मी पदर खोचला आणि एक टप उचलला.

‘‘खंय चललंस गो?’’ सासऱ्यांनी विचारलं.

‘‘पाण्यात टाकूक. तुमी दुसरो टप घेवा.’’

ते उठलेच. उचलता उचलता म्हणाले, ‘‘माझ्या पोटात गेली तेवढी तरी माझ्या हातान जावंदेत.’’

पण दहा वाजता वाळू तापायला लागलेली, वर घारी फिरताहेत आणि कावळे रांगेने बसलेले. पुण्याच्या बाईंनी विचारलं, सावली धरायला काही आहे का? दोरीवर माझ्या नुकत्याच धुतलेल्या चादरी होत्या. त्यांनी त्या ओढल्या, समुद्रात बुचकळल्या आणि त्यांच्या घरच्यांनी चारही टोकं धरून पाण्यापर्यंत एक ओलं छप्पर केलं. त्याखाली ओल्या वाळूवर आम्ही पिल्लं सोडली. मान टाकलेली काही तशीच पडून राहिली. मग लाटेचं पाणी अंगावरून गेलं तशी एकेक हलायला लागली. वनरक्षक मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून कावळे हाकत होती. चार पिल्लं हललीच नाहीत. ती सासऱ्यांनी रुमालात घेतली.

पाच वाजता मंडप होता, खुर्च्या होत्या, पिल्लं नव्हती. पाहुण्यांनी सोलकढी घेतली, रिकाम्या टोपलीसोबत फोटो काढला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. त्यांना काही फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो मधल्या साहेबांना. आठवड्याने मुलीच्या हातात खुलाशाची नोटीस आली.

मी एसटीने मालवणला गेले. साहेबांना म्हटलं, ‘‘पिल्लं मी सोडली. या मुलीने मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. नोटीस द्यायची तर मला द्या.’’

‘‘पिल्लं ही शासनाची मालमत्ता आहे, बाई,’’ ते म्हणाले.

‘‘मग शासनाने ती आपल्या पडवीत ठेवावी.’’

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग लिहून द्या म्हणाले. मी तिथेच बसून लिहून दिलं, मेलेल्या चारांसकट. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. या हंगामाआधी तोंडी निरोप आला, की पाहुणे असोत नसोत, पिल्लं निघाली की सोडून द्या, फक्त फोटो काढून पाठवा. म्हणजे आता आणखी एक काम. मोबाइल हातात घेऊन पहाटे मी कुंपणात वाकलेली असते आणि सासरे मागून सांगत असतात की माझी सावली फोटोत येतेय.

त्या मुलीची बदली झाली. कुठे कोरड्या माळरानावर गेली आहे, तिथे तिला माळढोक पक्षी शोधायचे असतात आणि ते सापडत नाहीत म्हणते. दर रविवारी तिचा फोन येतो. आधी कासवं किती आली ते विचारते, मग सासरे कसे आहेत, आणि ठेवता ठेवता आठवलं तर माझी चौकशी करते.