चातुर्मासातली पालेभाजी

मुलांनो, तुम्ही पत्रातून दोन प्रश्न विचारलेत. खिडकीतल्या कुंडीत पालेभाजी कशी लावायची, हा पहिला. आणि मी बाजारात गेल्यावर आधी पालेभाजी कोणती आलीय ते का विचारते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माती भुसभुशीत करा, जुनं शेणखत मिसळा, बी विरळ टाका, वर थोडी राख भुरभुरवा. पानावर अळी दिसली की बोटांत धरून चिरडा, औषध मारू नका. मी रोज सकाळी चिरडत असे. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि चांगलं नाही. पण तुम्ही आता मोठे झालात.

मॅट्रिक होऊन, लग्न करून मी भोरला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. तुमचे आजोबा कचेरीच्या कामावर महिन्यातले वीस दिवस वेल्ह्याकडे फिरतीवर असत. घरात सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई. मागच्या अंगणात न्हाणीचं पाणी वाया जात होतं. मी सुतळी धरून सरळ वाफे पाडले आणि ते पाणी त्यांत वळवलं. तांबडा माठ, चुका, अळू, कडेला काकडीचा वेल. पहिल्याच पावसाळ्यात माठ गुडघ्याएवढा झाला.

जाऊबाईंना तो खायचा नव्हता. त्यांची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडून चातुर्मासाचा नेम धरवला. शास्त्राप्रमाणे श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध असं एकेक सोडायचं असतं. सासूबाईंनी तो आणखी कडक केला. जे सोडलं ते कार्तिकापर्यंत परत धरायचं नाही. म्हणजे पोटात मूल वाढत होतं आणि ताटातून एकेक जिन्नस उठत होता. आश्विनात त्यांच्या ताटात भात, वरण आणि दुधी भोपळ्याची फोड एवढंच राहिलं. तूपही सासूबाईंनी दुधातच मोजलं.

एका दिवेलागणीला जाऊबाई भाऊजींचं ताट घेऊन येताना उंबऱ्याला अडखळल्या. आमटी भाऊजींच्या धोतरावर सांडली.

"डोळे काय माहेरी ठेवून आलीस?" म्हणत त्यांनी उठून थोबाडीत मारली.

भाऊजी आधीही मारत. ते मी पाहिलेलं होतं. पण त्या दिवशी मला एक गोष्ट नवीन दिसली. मार खाणारं माणूस हात उठलेला पाहून मान आत घेतं. जाऊबाईंनी घेतली नाही. चपराक गालावर बसेपर्यंत त्या सरळ समोर पाहत होत्या. दुसरीही तशीच बसली. तिसरीला त्या खाली पडल्या आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं, कारण पुढचं कुठून येणार ते त्यांना कळत नव्हतं.

त्यानंतर हे रोजचं झालं. अंधार पडला की काहीतरी सांडे, फुटे, आणि भाऊजींचा हात चाले. एकदा पाठीत लाथ बसली. सासूबाई देवघरातून म्हणत, "अरे, पोटाला जप रे तिच्या." पाठीचं काही म्हणत नसत.

हिर्डोशीच्या वाटेवरच्या एका गावाहून एक कुणबीण डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येई. ती मला परसात हळूच म्हणाली, "वैनी, तुमच्या जाऊबाईस्नी सांजचं दिसत न्हाई, व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? आबाळ आलं तरी भित चाचपत चालत्यात. माज्या नणंदेला आसंच हुतं. रातांधळं. शेवग्याचा पाला तुपात परतून घातला, म्हैन्याच्या आत दिसाया लागलं." मग तिने माझ्या वाफ्यांकडे पाहिलं. "हितं गुडघ्याएवढा माठ आन् घरात आंधळं माणूस! दावाया लावलाय का काय?"

"चातुर्मास आहे गं."

"आमचा म्हैना काय निराळा असतोय? आमी आक्खा पावसाळा पाल्यावर काढतो. द्येव काय पाल्यावर रुसत न्हाई, वैनी."

माझ्याकडे शाळेतलं आरोग्याचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात तेच लिहिलं होतं, फक्त शेवगा नव्हता. मी ते सासूबाईंना वाचून, समजावून सांगितलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "दोन गेली. हे तिसरं नेमावर राहिलंय. तुझ्या पुस्तकाने गेलं तर तुझं पुस्तक भरून देणार आहे का?"

खरं सांगायचं तर जाऊबाईंचंही तेच म्हणणं होतं. "मला दिसलं नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मूल राहू दे." त्यांना भीती नेम मोडण्याची होती, मी उगाच सासूबाईंना दोष देत होते.

मग एके दिवशी भाऊजींनी त्यांना चुलीजवळ ढकललं. त्यांना आधार कशाचा घ्यायचा ते दिसलं नाही. तळहात निखाऱ्यांवर टेकला आणि त्यावर सगळं वजन आलं. जळलेल्या कातड्याचा वास मला अजून ओळखता येतो. पोट चुलीच्या काठापासून चार बोटांवर थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या. जाऊबाई परसात आल्या, हाताला फडकं गुंडाळलेलं.

"नेमाने मूल राहील म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण काल मीच त्याला विस्तवात घालत होते. मला दिसायला हवं."

मी शिजवून आणते म्हटलं. त्या थांबल्या नाहीत. वाफ्यात बसल्या, डाव्या हाताने माठ ओरबाडला आणि कच्चाच तोंडात कोंबला. मातीसकट. ओठांच्या कडेने तांबडा रस ओघळत होता, आणि त्या रडत नव्हत्या, चावत होत्या.

आठ दिवस हे चोरून चाललं. मी माझ्या वाटणीच्या तुपात परतून देऊ लागले. नवव्या दिवशी सासूबाईंना जाऊबाईंच्या दातांत पान दिसलं. त्यांनी भाऊजींना हाक मारली.

भाऊजी कुदळ घेऊन परसात गेले. एकेक वाफा त्यांनी उकरला, वेल उपटून भिंतीवर आपटला, अळवाचे कांदे टाचेखाली फोडले. मी मधे गेले तर कुदळीचा दांडा माझ्या मनगटावर बसला. ते हाड आजही थोडं वर आलेलं आहे. तुम्ही लहानपणी त्यावर बोट फिरवायचात.

"लाव आता तुझी इंग्रजी भाजी!" ते धापा टाकत म्हणाले.

ते गेल्यावर मी उजवा हात पदरात बांधला आणि डाव्या हाताने उपटलेला माठ गोळा केला. उपटलेली भाजी दोन दिवस टिकते. दोन्ही दिवस ती जाऊबाईंच्या पोटात गेली. त्यानंतर कुणबीण काकड्यांच्या खाली शेवग्याचा पाला लपवून आणू लागली. "लाथा खायाच्या तर डोळं उघडं ठिवून खावाव्यात," असं ती एकदा जाऊबाईंना म्हणाली, आणि जाऊबाई किती दिवसांनी हसल्या.

कार्तिक लागला होता. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. दिवा अजून लावलेला नव्हता. ओटीवर भाऊजींचा आवाज चढला. पाणी वेळेवर दिलं नाही असं काहीतरी होतं. मी दारात आले तेव्हा त्यांनी मूठ उगारली होती. जाऊबाई लाकडी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मुठीकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, त्यांची नजर तिच्याबरोबर वर गेली. मूठ खाली येताना त्या नुसत्या बाजूला झाल्या.

हाड मोडल्याचा आवाज वाळकं लाकूड मोडल्यासारखा आला. भाऊजी खांबाला धरून खाली बसले आणि ओरडू लागले. सासूबाई धावत आल्या. "काय झालं? काय केलंस त्याला?"

"मी नाही हो," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांना खांब दिसला नाही."

शिवऱ्याच्या हाडवैद्याने दोन बोटं बसवली, तिसरं वाकडंच राहिलं. पौषात मुलगा झाला, तुमचे मोठे काका. भाऊजींनी त्यानंतर कधी हात उचलला नाही, असं मी लिहिणार नाही. हाड जुळलं आणि उचलला. पण आता जाऊबाईंना तो येताना दिसे, आणि तो खाली येईपर्यंत त्या मुलाला घेऊन माझ्या खोलीत आलेल्या असत. कडी मी आतून लावत असे.