शेजाऱ्याच्या घरी आधी होणारा गोल

"माझा बॉल स्टिल मिडलमध्ये, अँड रहमान ऑलरेडी शाउटिंग! हाउ कॅन?"

सत्तरीचे को अंकल टीव्हीकडे बोट रोखून माझ्यावर ओरडत होते. शनिवारची संध्याकाळ होती. बुकित बातोकमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. इंग्लंडच्या लीगची मॅच चालू होती. भिंतीपलीकडून शेजारच्या रहमानचा "गोऽऽल!" ऐकू आला, तेव्हा आमच्या स्क्रीनवर गोलकीपर निवांत उभा होता. अर्ध्या मिनिटाने आमचाही गोल झाला. अंकलनी साधी टाळीही वाजवली नाही.

तेव्हा, २०१५च्या आसपास, मी नेटवरून मॅच दाखवणाऱ्या एका कंपनीत सपोर्ट इंजिनियर होतो. असं अ‍ॅप थोडं चित्र आधी साठवतं आणि मग दाखवतं. नेट मध्येच मंदावलं तरी चित्र अडकत नाही. या साठ्याला बफर म्हणतात. आमचा बफर चाळीस सेकंदांचा होता. रहमानकडे केबल होती. तिथे चित्र सात-आठ सेकंदांत पोचायचं.

एरवी अशा तक्रारीला आम्ही गोड ईमेल पाठवून मोकळे व्हायचो. पण को अंकल पडले आमच्या मोठ्या साहेबांचे सासरे. आणि माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायच्या परवान्याच्या, रिन्युअलचा फॉर्म त्याच साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"अंकल हॅपी, बॉस हॅपी," माझा मॅनेजर लिम शुक्रवारी म्हणाला होता. "अंडरस्टँड?"

चांगलंच. माझी मुलगी नुकतीच इथल्या शाळेत रुळली होती. मी खरोखर घाबरलो होतो.

"अंकल, खिडकी बंद करूया?"

"टू हॉट."

"मग हेडफोन?"

"देन मी ओरडलो ते मला ऐकू कसं येणार?"

मी हात टेकले. दोघे वीस वर्षांपासूनचे शेजारी. एकाच क्लबचे भक्त, अंगात सारखीच लाल जर्सी. इंग्लंड दोघांनीही पाहिलेलं नाही. मी पुण्याचा, मला ऑफसाइडही कळत नव्हता.

हाफटाइमला मी अंकलचा बफर पाच सेकंदांवर आणला. दुसऱ्या हाफमध्ये चित्र तीनदा अडकलं. शेवटी एकदाचा गोल झाला आणि अंकल सोफ्यावरून उडालेच. पलीकडे शांतता. मग दोन-तीन सेकंदांनी रहमानची आरोळी.

अंकल तडक कॉरिडॉरमध्ये गेले आणि त्याचं दार वाजवून म्हणाले, "व्हाय सो स्लो, यू?"

ते परत आल्यावर मी चाचरत विचारलं, "चित्र अडकत होतं, त्याचं काय?"

"अडकत होतं? व्हेअर गॉट? कुठे अडकलं?"

सोमवारी फॉर्मवर सही झाली. जीव भांड्यात पडला. मंगळवारी रहमानने केबल बंद करून आमचं अ‍ॅप घेतलं. "सेम सेटिंग अ‍ॅज अंकल को," अशी त्याची एकच अट होती. मी ती पाळली. नवा ग्राहक मिळाला म्हणून लिमही खूश झाला.

पुढच्या शनिवारी मॅच संपताच को अंकलचा फोन आला.

"नाउ वी बोथ शाउट टुगेदर. देन व्हॉट्स द पॉइंट?"

या तक्रारीवर माझ्याकडे उपाय नव्हता. ती बंद करताना कारणाच्या रकान्यात मी 'नेबर' असं लिहिलं. लिमने ते खोडून 'नेटवर्क' केलं. कागदोपत्री त्याचं बरोबर असेल. पण लाइव्ह मॅच म्हणजे शेजाऱ्याच्या आधी दिसणारी मॅच, एवढं मी त्या नोकरीत शिकलो.