शलाकाच्या बोटीवरचा लॅकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या रविवारच्या टोळक्यातल्या कुणालाही नाही. येत्या रविवारी मात्र हे मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. ठरलंय ते. त्याआधी तुम्हाला सांगून बघतो — जीभ कुठे अडखळते ते तरी कळेल.

मी अरुण. परळला राहतो, विमा कंपनीतून निवृत्त झालो, आणि प्लास्टिकची मॉडेल्स बनवतो. विमानं, रणगाडे, जहाजं. बायको म्हणते, या वयात खेळणी! म्हणू दे. लालबागला एका मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. विसर्जन झालं की तो ओस पडतो, कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन नुसत्या पडून राहतात. मग दर रविवारी आम्ही चार-पाच जण आपापली मॉडेल्स घेऊन तिथे रंगवायला जमतो.

तिथे माझा मान होता. जोडकामात माझ्याहून सरस लोक होते, पण रंगाखाली कुठला प्रायमर आणि रंगावर कुठला क्लिअर, हे विचारायचं ते अरुणदादालाच. रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून खाली प्रायमर, आणि हाताळताना खरवडू नये म्हणून वर पारदर्शक क्लिअर — एवढंसंच शास्त्र, पण चुकलं की महिन्यांची मेहनत मातीत. म्हणून प्रत्येक नवख्याला मी बजावायचो, आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघ, मग मॉडेलवर. आपलं कुणीतरी ऐकतंय, याचं सुख काय असतं ते ऑफिसात जन्मभर मिळालं नव्हतं. इथे मिळत होतं. तर मग — मी ते राखायला काय केलं असेल?

शलाका आली आणि माझ्या टेबलाभोवतीची माणसं तिच्या टेबलाकडे सरकली. गिरगावची, पेशाने फिजिओथेरपिस्ट, बोटांत कमालीचा स्थिरपणा. ती एक मालवाहू बोट करत होती. तिचे बाबा मालवणकडचे, अशाच एका बोटीवर खलाशी होते. गंज खरवडायचा, प्रायमर लावायचा, रंग मारायचा, हेच त्यांचं काम. आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. वाढदिवसाला ही बोट त्यांच्या हातात द्यायची, बोटांनी तरी त्यांनी ती बघावी, असं तिच्या मनात होतं. बाबांनी वर्णन केलेला तांबडा रंग मॉडेलच्या रंगांत मिळेना, म्हणून तिने दाराखिडक्यांना लावतात तो इनॅमल मिसळून मिसळून जुळवला. काय सुंदर लागला होता! सगळे वाकून वाकून बघत होते. मीही बघितलं. आणि खरं सांगू? माझा जळफळाट झाला.

ती माझ्याकडे आली ती गाड्यांच्या पत्र्यावर मारतात तो लॅकर घेऊन. म्हणाली, "अरुणदादा, दुसरा क्लिअर कुठेच नाही मिळाला. इनॅमलवर हा चालेल ना?"

चालणार नव्हता. लॅकरमधलं थिनर जहाल असतं, ते खालच्या इनॅमलला उचलतं आणि रंगाला सुरकुत्या पडतात. याच चुकीपायी मी घरी एक विमान घालवलं होतं आणि लाजेपोटी कुणाला दाखवलं नव्हतं. बाकीचे इनॅमल वापरत नसत, त्यामुळे हे त्या कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं.

"चालेल की," मी म्हणालो.

"चमच्यावर मारून बघू?"

"कशाला? मी सांगतोय ना. बिनधास्त मार."

चुकून बोललो नाही. विसरलोही नव्हतो. मला ते घडायला हवं होतं.

आणि घडलं. तिने हलका हात मारला, बोट क्षणभर चकाकली, मग तांबडा रंग आकसायला लागला. दुधावरची साय सरकावी तसा. शलाका बघत राहिली. सगळे माझ्याकडे वळले — आता काय, अरुणदादा? मी चष्मा वर केला, बोट निरखली आणि म्हणालो, "हवा दमट आहे. थांबायला हवं होतंस." दमट हवेने क्लिअर पांढुरका पडतो, सुरकुत्या पडत नाहीत. हेही मला माहीत होतं. पण ती म्हणाली, "हो, मीच घाई केली," आणि मी मान डोलावली.

वाढदिवस दोन दिवसांवर होता. नव्याने रंगवायला वेळच नव्हता.

अजून ती रविवारी येते. अजून नवख्यांना हसत हसत सांगते, मी कशी घाई करून बोट घालवली, तुम्ही तसं करू नका. गेल्या रविवारीही सांगितलं, आणि वर म्हणाली, "दादांना विचारून करत जा." त्या दिवशी मी ठरवलं. माझा तिथला मान जाणार, कदाचित तिथलं येणंजाणंही. जाऊ दे. सांगणार म्हणजे सांगणार.

पण सांगून भरून येईल असं हे नाही. का, तेवढं राहिलं — आणि तेच मघापासून टाळतोय.

तिच्या बाबांच्या वाढदिवसाला मी गेलो होतो. तिनेच बोलावलं होतं, क्लिअरच्या कामात मदत केली म्हणून. हो, म्हणूनच. तिने बोट बाबांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ती चाचपली. डोलकाठी ओळखली, क्रेन ओळखली, चेहरा कसा खुलला होता! मग बोटं खाली उतरली आणि त्या सुरकुत्यांवर थांबली. पुन्हा पुन्हा तिथेच फिरली.

"गंज," ते म्हणाले. "मी होतंय तवसर हिका कधी गंज चढाक दिलंय नाय. तू माका गंजलेली बोट दिलंस गो?"

शलाका सांगत राहिली, बाबा, गंज नाही, रंग आहे, माझी चूक झाली. त्यांनी ऐकलं नाही. बोट बाजूला ठेवायला लावली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही. त्याच वर्षी ते गेले.

तो गंज नव्हता, आणि चूक तिची नव्हती. त्यांना हे सांगू शकणारा एकच माणूस त्या खोलीत होता. तो समोरच्या खुर्चीत बसून केक खात होता.